काचेतला समुद्र आणि सोरा

आमच्या मुलुखाला समुद्र नाही. नाही म्हणावयास नांदेड जिल्ह्यात कंधारला राष्ट्रकूटांच्या काळातील ‘जगत्तुंगसमुद्र’ आहे. पण तो गोड्या पाण्याचा तलाव. खाऱ्या पाण्याशी लातूर-नांदेडच्या माणसाची गाठ पडावयाची ती मुंबईस गेल्यावर. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांतील कितीतरी मराठवाडी पोरांनी समुद्राच्या पोटातले जीव पहिल्याप्रथम पाहिले ते तेथल्या काचांतून. त्या मत्स्यालयाच्या दाराशीच अरबी समुद्र होता. पण समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, जेथे पिण्याच्या पाण्याचीच विवंचना, तेथे कुणी हौशीने प्रवाळांची पेटी बाळगावयाचे मनात आणले, तर पहिला प्रश्न असा की तेच ते पाणी टिकवावयाचे कसे? या प्रश्नाचा इतिहास पावणेदोनशे वर्षांचा आहे, आणि त्यातला खलपुरुष आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. तो म्हणजे सोरा.

सोरा म्हणजे नायट्रेटचाच एक क्षार. उदगीरला १७६० साली भाऊसाहेबांच्या आणि निजामाच्या तोफांतून जी दारू उडाली, तिचा बहुतेक भाग सोराच होता. आपल्याकडे गावाची जमीन काळी आणि पांढरी अशी दोन प्रकारची मानतात: काळी पिकाची, पांढरी वस्तीची. जुन्या पांढरीची माती शेतकरी गाड्या भरभरून काळीत नेऊन टाकीत, कारण पिढ्यान् पिढ्यांच्या माणसा-जनावरांचे मलमूत्र तेथे मुरून नत्राचे खत झालेले असे. (या हौसेपायी पुराणवस्तू संशोधकांची कितीतरी टेकाडे शेतात पसरली गेली, तो भाग निराळा.) जे मुरते, कुजते, त्यातला नत्र शेवटी नायट्रेट होऊन बसतो. जमिनीवर हे धन आहे. प्रवाळांच्या पेटीत मात्र त्याचीच धास्ती.

याचे कारण असे की प्रवाळांच्या खडकांभोवतीचे पाणी फार दरिद्री असते. त्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमही नायट्रेट भरत नाही. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशावर अन्न करून यजमानास पोसते. पाण्यात नायट्रेट साचले की हे पोटभाडेकरू बेसुमार वाढतात, प्रवाळ तपकिरी पडतो, त्याचे चुन्याचे हाड मंदावते. आणि बाहेर खडकांवर शेवाळ चढून त्याचा श्वास कोंडते. मासे पुष्कळ नायट्रेट सोसतात. म्हणून माशांकडे पाहणाऱ्या मालकास बिघाड कळतो तो उशिरा.

काचेत प्रवाळ जगविण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न एका इंग्रज बाईचा. ॲना थिन या बाईंनी १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरचे प्रवाळ लंडनला नेले. आधी समुद्राचे ताजे पाणी वरचेवर आणवीत. पुढे त्यांनी तेच पाणी उघड्या खिडकीशी या भांड्यातून त्या भांड्यात ओतून त्यात हवा मिसळण्याचा प्रघात पाडला. हे काम रोज पाऊण-पाऊण तास मोलकरणीने करावयाचे! आजचा विजेचा पंप करतो तेच तिचे हात करीत. नंतर त्यांनी पाण्यात समुद्री वनस्पतीही सोडल्या. प्रवाळ जवळजवळ तीन वर्षे जगले.

त्यानंतर रॉबर्ट वॉरिंग्टन. १८५० साली या रसायनशास्त्रज्ञाने लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे आपल्या पेटीचा वृत्तांत वाचला: दोन सोनमासे, एक पाणवनस्पती, आणि कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगाई. वनस्पतीने प्राणवायू द्यावा, माशाने कर्बवायू द्यावा, गोगलगाईने घाण उचलावी. की पाणी बदलावयास नको. कल्पना मोठी देखणी. तिच्यात उणीव एवढीच की नत्राचा जमाखर्च अजून कुणी मांडलाच नव्हता.

तो मांडण्यात पुढाकार घेणाऱ्यांत, योगायोग असा की, याच वॉरिंग्टनचा मुलगा होता. १८७७ साली पॅरिसमध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ यांनी सांडपाणी वाळू-चुनखडीच्या थरातून ठिबकविले. वीस दिवस काही झाले नाही. मग अमोनिया जाऊन नायट्रेट येऊ लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच काम थांबले. मातीचे धुवण घालताच पुन्हा सुरू झाले. अर्थात हे काम जंतूंचे. बापाचेच नाव धारण करणाऱ्या वॉरिंग्टनपुत्राने रॉथमस्टेडच्या शेतकी केंद्रात दाखविले की हे काम दोन पायऱ्यांनी होते. ते जंतू विनोग्राद्स्कीने १८९० साली वेगळे काढले. मुलगा शेतातली माती तपाशीत होता. बापाच्या पेटीतले कोडे आपण सोडवीत आहो, हे त्याच्या मनात आले असेल का, कोण जाणे.

पुढे विसाव्या शतकात पेटीच्या तळच्या खडीतून पाणी फिरविण्याच्या गाळण्या निघाल्या. त्या अमोनियाचा विषार मारीत, पण मारून त्याचे नायट्रेटच करीत. पेटीत सोऱ्याचा कारखानाच बसविल्यासारखे झाले! उपाय एकच, पाणी बदलणे. पण दोनशे लिटरच्या पेटीतले चाळीस लिटर काढले तर नायट्रेट पन्नासाचे चाळीसच होते. आणि माशांना खाऊ घालीत असता ते पुन्हा चढते.

वाट सापडली ती जाकार्तात. ली चिन एंग याने १९६१ साली लिहून कळविले की समुद्रातील जिवंत जीवांनी भरलेले खडक पेटीत ठेवावेत, हवेचे बुडबुडे सोडावेत. दुसरी गाळणी नको. त्याचे मर्म फ्रेंच संशोधक गेयाँ आणि ड्युपेती यांनी १८८० च्या दशकातच दाखविले होते: प्राणवायू नसलेल्या जागी काही जंतू नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात आणि नत्र वायुरूपाने निघून जातो. सच्छिद्र खडकाच्या गाभ्यात आणि वाळूच्या खोल थरात हीच कोंदट जागा असते. मोनॅकोच्या ज्याँ जोबेर यांनी पुढे वाळूखाली पोकळी ठेवून याच तत्त्वावर प्रवाळ वाढविले.

आपल्याकडे मात्र तो खडक समुद्रातून उचलता येत नाही. प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. मालवणच्या पाण्यातही प्रवाळ आहेत, आणि तेथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. हे योग्यच झाले. हौशी माणसाने कोरडा सच्छिद्र दगड घ्यावा आणि जंतू वसेपर्यंत महिनोन् महिने धीर धरावा. वेगळ्या कप्प्यात शेवाळ वाढवून कापून टाकण्याची रीतही आहे. कडबा कापावा तसे नत्र कापून बाहेर न्यावयाचे. कुणी कुणी चिमूटभर साखर घालतात. ती खाऊन जंतू वाढतात, नत्र अंगात घेतात आणि फेसाबरोबर काढून टाकता येतात. लातूरच्या उसाला हा एक निरुपद्रवी गिऱ्हाईक मिळाला म्हणावयाचा.

पाणी न फेकता पाणी राखण्याची ही विद्या लातुरात वाचताना मन थोडे निराळे होते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी लातूरला आली, ते दिवस ज्यांनी घागरींच्या रांगेत काढले त्यांना चाळीस लिटर पाणी मोरीत ओतणे सांगावे कसे?

आणि गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. मराठवाड्यातील पुष्कळ विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅम या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेवर आढळले आहे. खत, उकिरडे, शोषखड्डे, सगळे झिरपत खाली जाते. असे पाणी घेऊन मीठ कालविले तर मासा सोडण्याआधीच पेटी बिघडलेली. पेटीचे एक वेळ सोडा. १९४५ साली आयोवातील डॉक्टर हंटर कॉमली यांनी दाखविले की अशा विहिरीच्या पाण्यात कालविलेल्या दुधाने तान्ही मुले निळी पडतात. रक्तास प्राणवायू वाहणे जमेनासे होते. पेटीसाठी आणलेल्या चाचणीच्या बाटलीतले चार थेंब एकदा घरच्या बोअरच्या पाण्यातही घालून पाहावेत. रंग चढला तर प्रयोगशाळेतून पक्की तपासणी करून घ्यावी, आणि तोवर ते पाणी तान्ह्या मुलास देऊ नये. उकळूनही देऊ नये. उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटते तेवढे ते दाट होते.