तुलुमचा तट

मेक्सिको देशाच्या आग्नेय भागांत युकातान नांवाचें द्वीपकल्प आहे. त्याच्या पूर्वेस कॅरिबियन समुद्र पसरलेला असून त्या किनाऱ्यावर, सुमारें १२ मीटर उंचीच्या चुनखडीच्या कड्यावर, माया लोकांचें तुलुम हें प्राचीन नगर उभें आहे. खालीं पांढरी शुभ्र वाळू, पुढें पांचूच्या रंगाचें पाणी आणि माथ्यावर काळवंडलेलीं दगडी देवळें, असें तेथील दृश्य आहे. सुटीच्या दिवसांत देशोदेशींचे प्रवासी येथें येतात. सकाळीं भग्नावशेष पाहतात, दुपारीं समुद्रस्नान करतात, आणि नामशेष झालेल्या एका लोकसमूहाचें नगर पाहिल्याच्या समाधानानें परततात. ही शेवटची समजूत मात्र खरी नव्हे.

तुलुम ह्या शब्दाचा माया भाषेंतील अर्थ तट किंवा कुंपण असा आहे. हें नांव नगर ओस पडल्यानंतरचें होय. पूर्वीं त्यास ‘सामा’ म्हणत असावेत, आणि त्या शब्दाचा संबंध पहाटेशीं जोडला जातो. उगवत्या सूर्यासमोर उभ्या असलेल्या कड्यास तें नांव शोभतेंहि. नगराच्या तीन बाजूंस दगडी तट असून त्यास पांच अरुंद दरवाजे आहेत. चौथ्या बाजूचें रक्षण समुद्र करतो. अंतर्भागांतील अरण्यांत वसलेलीं तिकल, पालेंके यांसारखीं विशाल माया नगरें दहाव्या शतकाच्या सुमारास ओस पडलीं होतीं. तुलुमची भरभराट त्यानंतरची, तेराव्या शतकापासून सोळाव्या शतकाच्या आरंभापर्यंतची. तिकलच्या उत्तुंग मंदिरांपुढें येथील देवळें ठेंगणीं दिसतात. तुलुमला मोठेपण आलें तें व्यापारानें.

माया लोकांजवळ ओझ्याचें जनावर नव्हतें, गाडीहि नव्हती. खुष्कीच्या वाटेनें जाणारा माल माणसाच्या पाठीवरून जाई. अशा लोकांना समुद्र हाच राजमार्ग होता. प्रचंड वृक्षाचा बुंधा कोरून केलेल्या होड्यांतून उत्तरेकडील मीठ, मध आणि सुती कापड दक्षिणेस जाई. ग्वाटेमालाच्या डोंगरांतून ज्वालामुखीची काळी कांच येई. तिच्या पात्यांनीं सुऱ्यांचें काम होई. कोकोच्या बिया येत, त्या नाण्यांप्रमाणें चालत. १५०२ सालीं होंडुरासच्या किनाऱ्यानजीक कोलंबसास अशीच एक व्यापारी होडी भेटली. तींतील बिया खालीं सांडतांच माणसें त्या वेंचण्यास किती लगबगीनें वांकलीं, हें त्याच्या मुलानें नमूद करून ठेविलें आहे. तुलुमच्या कड्याखालीं वाळूची एक लहानशी पुळण आहे. आज जेथें प्रवासी पोहतात, तेथें त्या काळीं होड्या लागत आणि माल उतरे.

१५१८ सालीं हुआन दे ग्रिहाल्वा याचीं स्पॅनिश जहाजें ह्या किनाऱ्यावरून गेलीं. त्यांवरील धर्मोपदेशकानें वाटेंत दिसलेल्या एका नगराची तुलना स्पेनमधील सेव्हिल शहराशीं केली. तें नगर तुलुमच असावें, असें पुष्कळ संशोधक मानतात. स्पॅनिश लोकांबरोबर देवीसारखे रोग आले, जुना व्यापार मोडला, आणि त्या शतकाच्या अखेरीपर्यंत तुलुम ओस पडलें. १५६२ सालीं मानी येथें दिएगो दे लांदा ह्या धर्मगुरूनें माया लोकांच्या पोथ्या जाळल्या. आज अशा पोथ्यांपैकीं अवघ्या चार उरल्या आहेत. विलक्षण गोष्ट अशी कीं, त्याच लांदानें करून ठेविलेल्या अक्षरांच्या टिपणावरून रशियन पंडित युरी क्नोरोझोव्ह यास १९५२ सालीं माया लिपि उलगडण्याची दिशा सांपडली.

१८४२ सालीं जॉन लॉइड स्टीफन्स हा अमेरिकन प्रवासी व फ्रेडरिक कॅदरवुड हा इंग्रज चित्रकार झाडींत बुडालेल्या तुलुमास पोहोंचले. असलीं मंदिरें इजिप्शियन किंवा अन्य कोणा परक्या लोकांनीं बांधलीं असावींत, असे तर्क त्या काळीं केले जात. भोंवतालीं राहणाऱ्या माया लोकांच्या पूर्वजांनींच तीं उभारलीं, असें स्टीफन्सनें आग्रहानें प्रतिपादिलें. पुढें पांचच वर्षांनीं, १८४७ सालीं, त्या लोकांनीं जमिनींवरील अतिक्रमण आणि करांचा जाच यांविरुद्ध शस्त्र उचललें. १८५० सालीं अरण्यांतील चान सांता क्रूस येथें एक बोलणारा क्रूस प्रकट झाल्याची वार्ता पसरली. त्या क्रुसाच्या आज्ञेनें लढणाऱ्या लोकांनीं पूर्वेकडील अरण्यांत आपली सत्ता सुमारें पन्नास वर्षें टिकविली. १८७१ च्या सुमारास तुलुम हेंहि त्या पंथाचें एक पवित्र स्थान होतें, आणि मारिया उइकाब ह्या स्त्रीस तेथें मोठा मान होता. १९०१ सालीं मेक्सिकोच्या फौजेनें चान सांता क्रूस घेतलें. बाहेरच्या जगानें ज्यास भग्नावशेष म्हटलें, तें ह्या लोकांचें देवस्थान होतें.

मेक्सिको सरकारनें १९७० पासून कांकून हें विहारस्थान वसविलें आणि हळूहळू हा सारा किनारा प्रवाशांनीं गजबजून गेला. २०२३ सालीं तुलुमजवळ विमानतळहि सुरू झाला. २०२० च्या खानेसुमारींत मेक्सिकोमध्यें युकातानची माया भाषा बोलणारे सुमारें पावणेआठ लाख लोक आढळले. त्यांतील कित्येक ह्याच किनाऱ्यावरील हॉटेलांत चाकरी करतात. सकाळीं देवळांपुढें उभें राहून प्रवासी ज्या लोकांच्या विनाशाबद्दल हळहळतो, त्यांचाच एखादा वंशज दुपारीं त्यास जेवण वाढीत असतो. नगर ओस पडणें आणि लोक नष्ट होणें ह्या अगदीं वेगळ्या गोष्टी आहेत. तुलुमचा तट ढासळला आहे, देवळांच्या भिंतींवरील रंग उडाले आहेत; परंतु त्या तटास त्याचें नांव जिनें दिलें, ती भाषा त्याच्या भोंवतालच्या घरांत आजहि बोलली जाते. तेथें जाणाऱ्यानें एवढें तरी ध्यानांत घेऊन जावें.