उलटवलेली मिसळण

प्रयोगवहीत चुकलेले वाचन रबराने पुसू नका. त्यावर एक आडवी रेघ मारा आणि शेजारी नवे लिहा, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. आज्ञावली लिहिणाऱ्यांनाही हाच धडा गिरवावा लागला.

मोठी आज्ञावली अनेक जण मिळून लिहितात. कोणी, काय, केव्हा बदलले याची नोंद ठेवणारी एससीसीएस ही सुरुवातीची एक व्यवस्था. मार्क रॉचकाइंड यांनी ती १९७२ मध्ये बेल प्रयोगशाळेत तयार केली. १९८०च्या दशकात सीव्हीएस आली. तिच्यात मूळ खोडाला शाखा फोडता येई आणि शाखेतले बदल पुन्हा खोडात मिसळताही येत. पण मिसळल्याची नोंद व्यवस्था ठेवत नसे. त्यामुळे तीच शाखा पुन्हा मिसळली, की जुने बदल दुसऱ्यांदा येऊन आदळत.

२००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी गिट लिहिले. त्यात मिसळणीच्या नोंदीला दोन पूर्वज असतात, एक खोडाकडचा व एक शाखेकडचा. त्यावरून कोणते बदल आधीच आले आहेत, हे गिटला कळते. जुनी अडचण गेली. पण त्यातूनच एक कोडे निघाले.

समजा, शाखेत अ आणि आ हे बदल आहेत. मिसळल्यावर दोष आढळला, म्हणून मिसळण उलटवली. दोन्ही बदल खोडातून गेले. मग शाखेत दुरुस्तीचा इ हा बदल केला आणि ती पुन्हा मिसळली. आता खोडात काय येईल? अ, आ, इ? नाही, फक्त इ! उलटवल्याने मजकूर गेला, पण अ आणि आ मिसळल्याची नोंद कायम राहिली. गिटच्या लेखी ते आलेलेच आहेत.

डिसेंबर २००८ मध्ये टोरवाल्ड्स यांनी या कोड्याचा खुलासा केला. उपाय असा: आधी ते उलटवणेच उलटवा, म्हणजे अ आणि आ परत येतील, मग शाखा मिसळा.

नोंदच पुसून टाकली तर? गिटमध्ये तेही करता येते. मात्र तोवर इतरांनी ती नोंद आपल्याकडे उतरवून घेऊन तिच्यावर पुढचे काम रचलेले असेल, तर त्यांच्या कामाचा पायाच सरकतो. वहीतली चूक रेघेखाली वाचता यावी, असा आग्रह आपण धरतो, तो याचसाठी. चिठ्ठ्यांवर अ, आ, इ लिहून हा खेळ वर्गात जरूर करून पाहा.