अर्धेली

पहिल्या रात्री आम्ही गोठ्यात जेवलो.

आता त्याला गोठा म्हणत नाहीत, हे खरं. विटांच्या कमानी, पिवळसर मंद दिवे, लांबलचक लाकडी टेबल. पण भिंतीला लागून कमरेएवढ्या उंचीची एक सलग गव्हाण होती आणि तिच्यात वाइनच्या बाटल्या आडव्या रचून ठेवल्या होत्या. टेबलाभोवतीच्या नऊ जणांत गव्हाण ओळखणारी बहुधा मी एकटीच असेन. म्हणून मी ती उगाच हाताने चाचपून पाहिली. कडा गुळगुळीत झाली होती. दगडाची असो की विटांची, बैलांच्या गळ्यांनी गव्हाण अशीच झिजते.

नोकरीसाठी म्युनिकमध्ये राहायला लागल्यापासून हा प्रवास माझ्या यादीत होता. सिएनाच्या दक्षिणेला वाल दोर्चा नावाचं खोरं आहे. तुम्ही नाव ऐकलं नसेल, पण फोटो नक्की पाहिलाय. हिरव्या मऊ टेकड्या, त्यांवरून नागमोडी चढणारा पांढरा रस्ता, रस्त्याच्या कडेने सायप्रसची उभी झाडं, आणि वर धुक्यात एक एकटं घर. कॉम्प्युटरचा वॉलपेपर, कॅलेंडर, 'ग्लॅडिएटर'मधलं शेत, सगळं इथलंच. सहा दिवस चालायचं, रोज बारा-पंधरा किलोमीटर. बॅगा गाडीने पुढच्या मुक्कामी जाणार, तुमच्या पाठीवर फक्त पाणी आणि रेनकोट. सोबत गाईड, संध्याकाळी वाइन. माहितीपत्रकावर लिहिलं होतं की इथे काळ थांबला आहे.

आमची गाईड पन्नाशीची, याच खोऱ्यात जन्मलेली. मी गव्हाणीवरून हात फिरवताना तिने पाहिलं असावं. म्हणाली, "माझ्या आईने अशी गव्हाण रोज भरली. या घरातली नाही, पलीकडच्या टेकडीवरची. पण घरं सगळी सारखीच." खाली गुरं, वर माणसं, म्हणजे थंडीत गुरांची ऊब वर येते. वरच्या मजल्यावर तिच्या आजोबांचं सतरा माणसांचं कुटुंब राहायचं. घर मालकाचं, जमीन मालकाची, मालक सिएनाला. जे पिकेल त्यातलं निम्मं त्याचं.

"याला मेझ्झाद्रिया म्हणतात," ती म्हणाली. मेझ्झो म्हणजे अर्धा.

"आमच्याकडे अर्धेली म्हणतात," मी म्हटलं.

तिने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. मग कुणीतरी तिला विचारलं की उद्या पाऊस आहे का.

आमच्या घरात हा शब्द मी आजीच्या तोंडून ऐकलेला. वाईजवळच्या एका गावात आमची अकरा एकर जमीन होती. आजोबा पुण्यात मास्तर. वर्षातून दोनदा, खळं लागलं की, ते एस.टी.ने गावी जायचे आणि निम्मं धान्य पोत्यांत भरून आणायचे. १९४८चा कूळकायदा आला, पुढे त्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला: त्या दिवशी जो कसत होता, त्याने जमीन विकत घेतली असं कायद्याने मानलं, किंमत सरकारने ठरवली, फेड हप्त्यांनी. सातबाऱ्यावर कुळाचं नाव लागलं. आजीने त्यानंतर आयुष्यभर एक एप्रिलला कुणाची थट्टा सहन केली नाही. "आम्हाला सरकारनेच एप्रिल फूल केलं," ती म्हणायची, आणि पुढे जमीन 'गेली', 'खाल्ली', 'बळकावली' ही क्रियापदं यायची. मी त्याच क्रियापदांवर वाढले. कॉलेजात गेल्यावर कूळकायदा चांगला होता असं वादविवाद स्पर्धेत तावातावाने बोलले आणि बक्षीसही घेतलं. घरी सांगितलं की विषय पर्यावरण होता.

तर अशी मी, दुसऱ्या दिवशी सकाळी टेकड्या उतरत होते आणि निसर्ग बघायचा सोडून हिशेब करत होते.

खरं तर आदल्या दिवशी सिएनातच इशारा मिळाला होता. तिथल्या नगरसभागृहात अम्ब्रोज्यो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये एक अख्खी खोली रंगवली आहे. चांगलं राज्य असेल तर काय होतं आणि वाईट असेल तर काय होतं, हा विषय. चांगल्या राज्याच्या भिंतीवर अर्धं शहर आहे आणि अर्धं शिवार. देवदेवता नाहीत, नुसता शेतीचा मुलूख, तोही इतका मोठा. शेतकरी मळणी करताहेत, एक जण डुक्कर हाकत शहराकडे निघालाय, खेचरांवर पोती लादली आहेत. आणि वेशीतून उलट्या दिशेने घोड्यांवर बसून शहरातले श्रीमंत ससाणे घेऊन शिकारीला चाललेत. माल वर येतो, मालक खाली उतरतात. वर हवेत 'सुरक्षितता' नावाची पंख असलेली बाई तरंगते आणि तिच्या हातात एक छोटा फास आहे, त्याला माणूस लटकतोय. गर्दीत तो फास कुणी बघत नाही. हे चित्र ज्यांनी काढवून घेतलं ते 'नऊ जण' व्यापारी आणि सावकार घराण्यांतले होते, आणि अशाच घराण्यांनी भिंतीबाहेरची जमीन विकत घेऊन अर्धेलीने लावली. चित्र पुरं झालं आणि दहा वर्षांच्या आत, १३४८ मध्ये, प्लेग आला. चित्रकारही बहुधा त्यातच गेला. अर्धेली मात्र सहाशे वर्षं टिकली.

पिएन्झा आम्ही अर्ध्या दिवसात आटोपलं. सुंदर आहे, पण फार नीटनेटकं. कोर्सिन्यानो नावाच्या खेड्यात १४०५ मध्ये जन्मलेला एक मुलगा पुढे पोप पायस दुसरा झाला आणि त्याने १४५९ पासून तीनेक वर्षांत आपल्या गावाचं आदर्श नगर करून टाकलं, स्वतःचं नावही देऊन. त्याच्या वाड्याला मागच्या बाजूला तीन मजली सज्जा आहे, तो केवळ खोऱ्याकडे बघण्यासाठी. बघण्याजोगी वस्तू म्हणून शिवाराकडे पाहायची सोय. आम्ही सगळ्यांनी तिथून फोटो काढले.

तिसऱ्या दिवशी मोंतिक्किएल्लो. टेकडीवरचं एवढंसं गाव, एक वेस, एक चौक. १९६७ पासून दर उन्हाळ्यात या गावातली माणसं स्वतः लिहिलेलं नाटक चौकात करतात. हिवाळ्यात जमून बोलायचं, भांडायचं, त्यातून संहिता काढायची, आणि सुतारापासून आजीपर्यंत सगळ्यांनी कामं करायची. गाव ओस पडत होतं म्हणून हे सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतकऱ्यांनी संप केले, लाल झेंडे लावले, १९४७ मध्ये त्यांचा वाटा ५० टक्क्यांवरून ५३ झाला. तीन टक्के! १९६४च्या कायद्याने तो ५८ केला आणि अर्धेलीचे नवे करार बंद केले, १९८२ मध्ये उरलेल्यांचं रूपांतर साध्या खंडात झालं. पण तोवर माणसं निघून गेली होती. सिएनाला, फ्लोरेन्सला, कारखान्यांत, जिथे महिन्याला पगार मिळतो आणि मुलाचं लग्न ठरवायला मालकाची परवानगी लागत नाही. आम्ही मे महिन्यात गेलो, त्यामुळे नाटक पाहायला मिळालं नाही. गाईडने मात्र रिकाम्या चौकात उभं राहून सांगितलं, की तिच्या आईने एका वर्षी कारभाऱ्याचं काम केलं होतं. मालकाचा कारभारी, जो तिच्या बापाच्या कोंबड्या मोजायला यायचा. नाताळला मालकाला खच्ची केलेले कोंबडे द्यायचे, ईस्टरला अंडी. हे निम्म्याच्या वर.

आणि द्राक्षं? माझ्या डोक्यात अशी समजूत होती की या सरळ रांगांच्या द्राक्षबागा रोमन काळापासूनच्या. मुळीच नाहीत. अर्धेलीच्या काळात गव्हाच्या शेताच्या बांधाने मेपलची झाडं लावत आणि वेल त्यांवर चढवत. या वेलीला इथे 'लग्न लागलेली वेल' म्हणतात. खाली गहू, मध्ये द्राक्षं, कडेला ऑलिव्ह, कारण सतरा माणसांना आपल्या निम्म्यात सगळंच पिकवायचं होतं. कुटुंबं गेली, ट्रॅक्टर आले, झाडं तोडली आणि तारेवरच्या रांगा लागल्या. शेजारच्या मोंताल्चिनोची ब्रुनेल्लो जगात गाजलेली, पण १९६०च्या दशकात तिची लागवड शंभर हेक्टरसुद्धा नव्हती. आज दोन हजारांच्या वर आहे. नाशिकच्या द्राक्षांशी तुलना करायचा मोह झाला होता. त्या मानाने या बागा आपल्याला वाटतात तेवढ्या म्हाताऱ्या नाहीत, एवढंच म्हणते.

चौथ्या दिवशी तो रस्ता आला. वॉलपेपरवरचा. ला फोचे इस्टेटसमोरच्या टेकडीवर नागमोडी चढणारा, सायप्रसवाला. मी थांबून बघत राहिले, आणि गाईड सहज म्हणाली, "१९३०च्या आसपासचा. माझ्या आजोबांहून लहान."

ही इस्टेट १९२४ मध्ये आयरिस आणि अंतोनिओ ओरिगो या नवविवाहित जोडप्याने घेतली. आयरिसचे वडील अमेरिकन, आई अँग्लो-आयरिश, बालपण फ्लोरेन्सजवळच्या व्हिलात, शिक्षण ग्रीक-लॅटिनचं. तिला मिळाल्या उघड्या, भेगाळलेल्या चिकणमातीच्या टेकड्या आणि कळकट घरांतून राहणारी अर्धेलीची कुटुंबं. दोघांनी नाले बांधले, रस्ते काढले, शाळा सुरू केली, दवाखाना काढला. पैसा त्यांचा होता आणि मुसोलिनीच्या सरकारचाही, कारण जमीन सुधारण्यासाठी तेव्हा सरकारी अनुदान मिळत होतं. सायप्रसचा रस्ता त्यातलाच.

तिची युद्धकाळातली डायरी मी प्रवासाआधी वाचली होती आणि तिच्या प्रेमात पडले होते. बॉम्बहल्ल्यांतून आलेली २३ मुलं तिने सांभाळली. पळालेले युद्धकैदी, रानातले बंडखोर, सगळ्यांना जेवू घातलं, पकडली गेली असती तर गोळीच होती. २२ जून १९४४ला जर्मनांनी घर रिकामं करायला लावलं. ती साठेक माणसं घेऊन चालत निघाली. त्यांत निम्म्याहून अधिक मुलं होती, चार तर कडेवरची. सुरुंग असतील म्हणून रस्त्याच्या मधोमध चालायचं, विमानांना घोळका दिसू नये म्हणून अंतर ठेवायचं. संध्याकाळी मोंतेपुल्चानोचे लोक त्यांना घ्यायला वेशीबाहेर आले.

आम्हीही तेच अंतर चाललो, पाण्याच्या बाटल्या आणि ट्रेकिंगच्या काठ्या घेऊन. (त्याच जुलैत, इथून ईशान्येला टायबरच्या खोऱ्यात, माणगाव तालुक्यातला बावीस वर्षांचा नाईक यशवंत घाडगे एकटाच मशीनगनच्या मोर्चावर चालून गेला आणि मारला गेला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिकडे मोंतोने गावात २०२३ मध्ये त्याच्या स्मरणार्थ छायाघड्याळ बसवलंय. ती शेतंही अर्धेलीचीच होती.)

चालताना मी गाईडला म्हटलं, की आयरिस ओरिगो मला फार आवडते. ती म्हणाली, "मलाही. माझी मावशी तिच्या शाळेत शिकली." मग बरंच पुढे गेल्यावर, चढ संपल्यावर: "चांगली मालकीण होती. पण मालकीण चांगली आहे की नाही, यावर सगळं अवलंबून असणं, हेच तर माझ्या आजोबांना नको होतं."

मला एकदम आजोबा आठवले. तेही चांगले होते. दुष्काळात त्यांनी वाटा सोडला होता, ही गोष्ट आमच्या घरात हजारदा सांगितली जाते. फरक एवढाच, की इथली कुटुंबं जमीन न मिळताच शहरात गेली, घरं मालकांकडे राहिली, आणि १९८५ मध्ये शेतघरांतल्या पर्यटनाचा कायदा आला तेव्हा त्याच गोठ्यांत टेबलं लागली. आमच्याकडे कूळ जागेवर राहिलं. त्याच्या नातवाचा ऊस आज कारखान्याला जातो. आणि मालकाची नात म्युनिकला असते, सुट्टी काढून दुसऱ्याच्या गव्हाणीत जेवायला येते.

शेवटच्या संध्याकाळी मोंतेपुल्चानोच्या एका तळघरात वाइन चाखायचा कार्यक्रम होता. तिथल्या वाइनच्या नावातच 'नोबिले' आहे, म्हणजे खानदानी. मोठमोठी ओक लाकडाची पिंपं, थंडगार दगड. गाईडने फोनवर मला एक फोटो दाखवला: तिच्या आजोबांची हिशेबाची वही. प्रत्येक कुटुंबाची अशी वही असायची, तिच्या दोन प्रती. एक मालकाकडे, एक शेतकऱ्याकडे. आजोबांना वाचता येत नव्हतं, पण वही होती.

मी बाबांना मेसेज केला. आजोबांच्या ट्रंकेत खंडाची वही आहे हे मला माहीत होतं. अर्ध्या तासाने फोटो आला. पिवळा कागद, आजोबांचं मोत्यासारखं अक्षर. ज्वारी नऊ पोती, निम्मी साडेचार. बियाणं कुळाकडून. कडब्याचं वेगळं. आणि खाली, वेगळ्या शाईत: दिवाळीस तूप २ शेर.

मी गाईडला वाचून दाखवलं. तुपाला ती हसली. मग विचारलं, "आणि दुसरी प्रत?"

मी बाबांना विचारलं. निळ्या खुणा लगेच आल्या. 'टायपिंग' येत राहिलं, जात राहिलं. मग उत्तर आलं.

"दुसरी नव्हती. पावती द्यायची पद्धत नव्हती."