अधोथॅलॅमस व भूक
अधोथॅलॅमस व भूक : मेंदूच्या तळाशी, पोष ग्रंथीच्या वर असलेल्या अधोथॅलॅमस या लहानशा भागाचा भुकेच्या नियंत्रणाशी निकटचा संबंध आहे. रिकाम्या जठराच्या आकुंचनाने भूक लागते, असे विसाव्या शतकाच्या आरंभी मानले जाई. १९४० मध्ये हेदरिंग्टन व रॅन्सन यांना अधोथॅलॅमसाच्या अधर-मध्य भागास इजा केलेले उंदीर अतिस्थूल होतात, असे आढळले. १९५१ मध्ये येल विद्यापीठात भारतीय शरीरक्रियावैज्ञानिक बाल कृष्ण आनंद व जे. आर. ब्रोबेक यांनी उलट परिणाम दाखविला : दोन्ही बाजूंचे पार्श्व भाग नष्ट केलेले उंदीर समोर अन्न असूनही उपासमारीने मेले. त्यावरून ‘भूक केंद्र’ व ‘तृप्ती केंद्र’ या कल्पना रूढ झाल्या. आनंद यांनी पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत हे संशोधन चालू ठेवले.

तथापि १९६२ मध्ये टायटलबॉम व एप्स्टाइन यांनी असे उंदीर नळीने अन्न देऊन जगविले, तेव्हा ते हळूहळू पुन्हा खाऊ लागले. १९९४ मध्ये चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टीन हे हॉर्मोन सापडले. अधोथॅलॅमस, भावना व स्मृती यांच्याशी संबंधित किनारी तंत्र, पचन तंत्र आणि चरबीच्या पेशी यांच्यातील परस्परसंदेशांतून भूक निर्माण होते, असे आता मानतात. म्हणून अतिस्थूलतेस केवळ खादाडपणा म्हणता येत नाही.