आधी विचार की आधी व्याकरण?



घरी उर्दू, बाजारात अहिराणी आणि शाळेच्या वहीत मराठी, असा विद्यार्थी आपल्या खानदेशात गावोगावी भेटतो. घरी 'मेरा घर' म्हणणारे मूल मराठीत 'माझा घर' लिहिते. उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. तेव्हा ही चूक आळसाची नव्हे. अशा मुलाने आधी व्याकरण पक्के करावे, की आधी मनातले लिहावे? याबाबत इतिहासात एक बोलका दाखला आहे.

इ. स. १५७९ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मोपदेशक गोव्यास आले. मराठी व कोकणी या दोन्ही भाषा त्यांना परक्या. परंतु त्यांनी त्या आत्मसात केल्या आणि १६१६ साली त्यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापले गेले. ग्रंथ सुमारे अकरा हजार ओव्यांचा. विषय ख्रिस्ती, पण छंद मराठी कानांच्या सवयीचा, आणि स्वर्गासाठी शब्दही 'वैकुंठ'. सांगण्याची तळमळ होती, म्हणून त्यांनी ऐकणाऱ्याच्या ओळखीचे शब्द शोधले.

याच स्टीफन्स यांनी कोकणीचे व्याकरणही रचले. ते १६४० साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर २१ वर्षांनी छापले गेले. भारतीय भाषेचे पहिले छापील व्याकरण म्हणून त्याचा मान आहे. छपाईचा हा क्रम योगायोगाचा असेल. पण विचार सांगणारा आणि नियम शोधणारा हात एकच होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आता आपल्या वर्गाकडे पाहा. वहीभर लाल शाई पाहिलेले मूल पुढच्या वेळी पाठ केलेली पाच निर्दोष वाक्ये लिहून थांबते. वडिलांची केळीच्या मळ्यातील मजुरी, आजीची गोष्ट वहीत उतरतच नाही. चूक गेली, पण तिच्यासोबत मूलही वहीतून गेले!

म्हणून व्याकरण सोडावे काय? मुळीच नाही. 'मी त्याला पैसे दिले' आणि 'मला त्याने पैसे दिले' यांत प्रत्यय बदलताच देणारा घेणारा होतो. अर्जात, करारात अशी चूक महाग पडते.

तेव्हा शिक्षक व पालक हो, निबंध प्रथम वाचताना मुलाला काय सांगायचे आहे तेवढेच पाहा. दुसऱ्यांदा वाचताना एकाच प्रकारची चूक दाखवा. बोलते झालेले मूल नियम शिकेल. गप्प झालेल्याला नियम तरी कशासाठी?