लूनाचं हेड आणि आजीची परात

हेडफोन लावलेत ना? आजची गोष्ट नगरची. कागदावर जिल्हा आता अहिल्यानगर झालाय, पण सुप्याच्या स्टँडवर कंडक्टर अजून ‘नगर, नगर’च ओरडतो. आणि गोष्ट आहे माझ्या हातून बिघडलेल्या एका पार्टची.

आमच्याकडे आजोबांची लूना आहे. आजोबा प्राथमिक शिक्षक होते, नोकरीभर शाळेत जायचे ते हिच्यावरच. नंतर ती बरीच वर्षं पडवीत पडून होती. मागच्या दिवाळीत मी लॅपटॉप घेऊन गावी आलो आणि सुट्टीत इंजिन खोललं.

आता थोडं मागे जाऊ. १९७२ साली हस्तीमल फिरोदिया आणि त्यांचे चिरंजीव अरुण फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लूना बाजारात आणली. कारखाना आपल्या नगरमध्ये. रचना इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या ‘चाओ’ मोपेडच्या वळणाची. इंजिन फक्त ५० सीसीचं, किंमत साधारण २००० रुपये. पेट्रोल संपलं तर पेडल मारत घरी या! शिक्षक, पोस्टमन, दूधवाले अशा कितीतरी घरांतली ती पहिली गाडी.

पण या स्वस्ताईची दुसरी बाजू होती. लूनाचं इंजिन टू-स्ट्रोक. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, ऑइलचा वेगळा पंप नाही, म्हणून ते हलकं आणि स्वस्त. ऑइल थेट पेट्रोलमध्ये मिसळायचं. तेच ऑइल पेट्रोलबरोबर जळतं आणि त्याचा काळा थर पिस्टनच्या डोक्यावर, एक्झॉस्ट पोर्टमध्ये, सायलेन्सरमध्ये बसतो. धूर बाहेर पडायची वाट अरुंद झाली की गाडी चढाला दम टाकते. म्हणजे पार्ट कमी करून वाचवलेले पैसे मालकाने आपल्या रविवारातून फेडायचे!

आजोबा ते फेडायचे. ओट्यावर पोतं अंथरायचं, परातीत घासलेट ओतायचं, पार्ट भिजवायचे आणि लाकडाच्या चपट्या काडीने कार्बन खरवडायचा. लोखंडी पट्टी का नाही? पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, त्यावर ओरखडे पडतात. घासलेटाची परात वेगळी. चुकून पीठ मळायला जाऊ नये म्हणून आजीने तिच्यावर लाल ऑइलपेंटचा ठिपका दिलेला. तो अजून आहे.

मी मात्र शहाणा. व्हिडिओ बघून कॉस्टिक सोडा आणला. हातमोजे, गॉगल, अंगणात बादली. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, इतपत माहीत होतं. सायलेन्सर लोखंडी पत्र्याचा, तो झकास निघाला. म्हटलं, आता सिलिंडर हेड! टाकताक्षणी बुडबुडे. ते मळाचे नव्हते. सोडा अ‍ॅल्युमिनियमलाच खातो आणि हायड्रोजन सुटतो. हेड बाहेर काढलं तर काळं पडलेलं, आणि गॅस्केट बसते त्या सपाट कडेवर बारीक खड्डे. आजोबांची गाडी, आणि मी तिचं हेड खाऊन टाकलेलं.

एक गंमत सांगतो. एकेकाळी अ‍ॅल्युमिनियम मौल्यवान धातू होता. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोघा तरुणांनी, एकमेकांना न कळता, विजेच्या मदतीने तो वेगळा करायची स्वस्त रीत शोधली. १९०३ साली राइट बंधूंच्या विमानाच्या इंजिनाला अ‍ॅल्युमिनियमचा क्रँककेस होता. तोच हलका धातू पुढे शाळामास्तरांच्या लूनात आला. त्याच्यावर हवेने आपोआप ऑक्साइडचा पातळ थर चढतो, तेच त्याचं चिलखत. सोड्याने मी नेमकं तेच उतरवलं. म्हणून आधी चुंबक लावून बघा. चिकटला तर लोखंड किंवा बीड. नाही चिकटला तर सोडा लांब ठेवा.

आजोबांनी हेड हातात घेतलं आणि एवढंच म्हणाले, "चमकवायला काढलंस का चालवायला?"

मग त्यांनीच उपाय सांगितला. जाड काच घेतली, तिच्यावर बारीक पॉलिश पेपर, थोडं पाणी. हेडची कड खाली ठेवून आठच्या आकड्यात घासत राहायचं, फार दाब न देता. खड्डे वरवरचेच होते म्हणून वाचलो. दोन दिवस लागले. नवी गॅस्केट बसवली. बाहेरून हेड अजून डागाळलेलंच आहे, पॉलिश केलं नाही.

आणखी एक धडा. मी घाईघाईत पुसून टाकलेला तो कार्बन म्हणजे इंजिनाची लॉग फाइल होती! प्लग काळा, ओशट असेल तर ऑइल किंवा पेट्रोल जास्त. फिकट तपकिरी असेल तर तब्येत ठीक. आजोबा आधी वाचायचे, मग पुसायचे.

टू-स्ट्रोकमध्ये थोडं न जळलेलं पेट्रोलही धुराबरोबर निघून जातं. १९९१, १९९६, २००० असे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि या इंजिनांचा काळ संपला. ते योग्यच झालं. २०२४ च्या फेब्रुवारीत ई-लूना आली. तिच्यात कार्बन नाही, परातही नाही. पण बॅटरी बिघडली तर ओट्यावर बसून ती कोण खोलणार?

आमची लूना तिसऱ्या किकला सुरू झाली. आजोबा आता चालवत नाहीत. खुर्चीत बसून नुसता आवाज ऐकत होते. म्हणाले, "पोर्ट साफ झालाय."

तुमच्या घरी अशी कुठली खुणेची परात आहे का? आजी-आजोबांना विचारा, आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात!