मिलो कॉलेजात जातो

दिवाळी अंकात शिवकालावर लिहावे, पेशव्यांवर लिहावे, निदान आपल्या गावच्या गढीवर तरी लिहावे, हा रिवाज मला ठाऊक आहे. पण यंदा मी ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे ती एक तबकडी आहे. तिच्यावर पंधरा गाणी आहेत आणि ती सगळी मिळून अवघ्या बावीस मिनिटांत संपतात! माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने ती मला ऐकवली. पहिल्या ऐकण्यात मला गोंगाटापलीकडे काही कळले नाही, हे कबूल करतो. पण तिचे नाव ऐकले आणि मी सावरून बसलो. नाव होते, ‘मिलो कॉलेजात जातो’.

ही गोष्ट कॅलिफोर्नियातली. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला समुद्रकाठी मॅनहॅटन बीच, हर्मोसा बीच, रेडोंडो बीच अशी एकमेकांना खेटून वसलेली गावे आहेत. १९७६-७७च्या सुमारास न्यूयॉर्क आणि लंडन येथे ‘पंक’ नावाचे संगीत गाजू लागले होते. त्याला उस्तादी लागत नव्हती. तीन-चार सूर, धावती लय आणि पोटातला राग एवढ्या भांडवलावर कोणीही उभे राहावे, असा तो प्रकार. त्याचे वारे या किनाऱ्यावरही आले. मॅनहॅटन बीचच्या काही पोरांनी ‘डिसेंडेंट्स’ नावाचा ताफा काढला. फ्रँक नॅव्हेटा गिटार वाजवी, बिल स्टीव्हन्सन ढोल बडवी. टोनी लोंबार्डो हा बास वाजवणारा गडी इतरांहून वयाने बराच वडील. १९८० साली त्यांना गायक मिळाला, बिलच्याच शाळेतला मिलो ऑकरमन. डोळ्यांना जाड चष्मा, अंगाने किडकिडीत आणि अभ्यासात हुशार. वर्गात अशा मुलाची जी चेष्टा होते ती त्याचीही होई. त्याच शाळेतल्या एका मुलाने त्याची व्यंगचित्रेही काढली होती.

जून १९८२मध्ये रेडोंडो बीचच्या ‘टोटल अ‍ॅक्सेस’ या स्टुडिओत या चौघांनी आपली पहिली मोठी तबकडी मुद्रित केली. मुद्रणाची बाजू स्पॉट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गृहस्थाने सांभाळली. कोणा बड्या कंपनीचा पैसा मागे नव्हता. जवळच्याच सॅन पेद्रो गावात ‘मिनिटमेन’ नावाचा असाच एक ताफा होता. त्यातील डी. बून आणि माइक वॉट यांनी ‘न्यू अलायन्स’ नावाची चिमुकली संस्था चालवली होती. तिनेच त्या वर्षी ही तबकडी बाजारात आणली. शेजाऱ्याच्या चुलीवर आपली भाकरी भाजून घ्यावी, तसा तो कारभार!

गाण्यांचे विषय पाहाल तर तेही घरचेच. आईबापांवरचा राग, न जमलेले प्रेम, श्रीमंत पोरांचा हेवा. काही शब्द इतके ओबडधोबड आहेत की मी ते वर्गात उच्चारणार नाही. पण एक नवल त्यांत आहे. त्या रागाखाली गोड, गुणगुणता येईल अशी चाल आहे. पुढे ज्याला ‘पॉप-पंक’ म्हणू लागले त्याचे बी येथे सापडते. पुढच्या पिढीतल्या ‘ब्लिंक-१८२’सारख्या ताफ्यांनी लाखोंनी तबकड्या खपवल्या आणि या चौघांचे ऋण मोकळेपणाने मानले.

पण तबकडी बाहेर येते न येते तोच गायक निघाला! मिलोला जीवशास्त्र शिकायचे होते आणि त्यासाठी तो सॅन डिएगोच्या विद्यापीठात गेला. आता सांगा, ऐन बहरात बिऱ्हाड मोडणाऱ्या गड्याला सोबती काय म्हणतील? या सोबत्यांनी त्याच्या जाण्याचेच नाव तबकडीला दिले. मुखपृष्ठावर त्या जुन्या शाळकरी व्यंगचित्रांवर बेतलेले त्याचे चित्र घेतले, चष्मा, कॉलर, टाय यांसकट. चेष्टा आणि माया यांची इतकी सरळ गाठ मी क्वचितच पाहिली आहे.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. स्टीव्हन्सन ‘ब्लॅक फ्लॅग’ या ताफ्यात गेला. मिलो १९८५मध्ये परत आला, १९८७मध्ये पुन्हा अभ्यासाला गेला, १९९६मध्ये पुन्हा गायला. मध्यंतरी तो डॉक्टरेट झाला आणि ड्यूपाँट कंपनीत वनस्पतींवर संशोधन करू लागला. २०१६मध्ये ती नोकरी संपली, तेव्हा पन्नाशी ओलांडलेला हा गृहस्थ पूर्णवेळ गायक झाला. प्रत्येक वेळी दार उघडेच होते. नॅव्हेटा २००८मध्ये वारला. पण २००२ साली जुन्या सोबत्यांनी वाजवून ठेवलेल्या अगदी सुरुवातीच्या गाण्यांवर मिलोने २०२० साली आपला आवाज चढवला आणि पुढच्या वर्षी ती तबकडी निघाली.

हे सारे मला इतके का लागले? आमच्या गावातही एक नाटकमंडळी होती. मी नाटके लिही आणि माझा मित्र पेटी वाजवी. मॅट्रिकनंतर तो पुण्याला कॉलेजात निघाला. माझे शिक्षण तेथेच थांबणार होते, आणि त्याच्या जाण्याने मंडळीही मोडणार होती. मी रुसलो. तो निघाला त्या सकाळी मी एस. टी. स्टँडवर गेलो नाही. घराच्या माळ्यावर बसून गाडीचा भोंगा ऐकला. त्यानंतर आमचे बोलणे जवळजवळ संपलेच.

आज दरवर्षी जूनमध्ये मी मुलांना निरोप देतो, पुढे शिका म्हणून सांगतो. सांगताना तो भोंगा कानात वाजतो. परमुलखातल्या त्या दांडगट पोरांना जे विशीच्या आत उमगले, ते मला चाळिशी उलटल्यावर कळले.

यंदाच्या भाऊबीजेनंतर पुण्याला जायचे ठरवले आहे. मित्राचा पत्ता मिळवला आहे. त्याची पेटी अजून आमच्याच माळ्यावर आहे, तीही बरोबर नेईन म्हणतो.